नळीच्या या टोकाला

सकाळचं पहिलं काम फुंकर.
नळी लगेच जोडायची नाही,
आधी हवा सोडून मोकळी करायची.
रात्रीतून कुंभारमाशी येते चिखल घेऊन,
तिला काय ठाऊक या भोकातून कोण श्वास घेतो,
तिला ते घर दिसतं.
एकदा सुटली मातीची गोळी,
आत अर्धमेली अळी, हिरवट.
तेव्हापासून रासईच्या धक्क्यावर
प्रत्येक नळीच्या तोंडाला टोपण, सुतळीने बांधलेलं,
आणि सुतळीची गाठ माझी.

लखिंदर आत. मी बाहेर.
मधे चाळीस मीटर रबर.
तो बार्जच्या पोटात उतरतो गंज उडवायला;
तांब्याच्या भट्टीतली काळी वाळू
पत्र्यावर आपटते
आणि ढग होऊन त्याच्याच अंगावर येते.
कागदावर शिरस्त्राण लिहितात, आम्ही टोप म्हणतो.
खांद्यावर झूल, काचेवर पातळ पापुद्रे,
एक आंधळा झाला की ओढून काढायचा,
खाली दुसरा.
आतून त्याने लाल रंगात 'ल' काढलाय.
दुसऱ्याचा टोप इथे कोणी घालत नाही.

हवा आधी, टोप मग, शिडी त्यानंतर.
परत येताना उलटं, पण घाई नाही:
वर यायचं, झटकायचं, धूळ बसू द्यायची,
मग टोप काढायचा. मग चहा.
हे कायतानने मला शिकवलं,
ज्याला कोणी शिकवलं नव्हतं.
बावीस वर्षं तोंडाला फडकं,
तेव्हा वाळूही पांढरी, नदीतली.
आता पोदेर हॉर्न वाजवतो फाटकापाशी
आणि कायतान पावापर्यंत पोचेतो
तीनदा थांबतो.

गेल्या गुरुवारी दुपारी वारा वळला.
जुवारीवरून यायचा तो डोंगराकडून आला.
रंगाचा टेम्पो मागे मागे घेत आणला कोणी,
इंजिन चालू, ड्रायव्हर पावती शोधतोय,
आणि धुराचं तोंड
माझ्या कॉम्प्रेसरच्या नाकाशी.

लाल दिवा. भोंगा.
भोंगा आत पोचत नाही,
आत त्याच्या कानाशी वाळूच असते फक्त.
दोरी ओढली, तीन हिसके.
त्याने मूठ सोडली. वाळू थांबली.
ती शांतता मला कधीच आवडली नाही.

रोज बजावतो, आत असताना टोप काढू नकोस.
आणि त्या घडीला मीच पाठवत होतो
वास नसलेलं, रंग नसलेलं काहीतरी
त्याच्या नाकापर्यंत, माझ्याच झडपेतून.
तरी दुसरं सांगणार काय?
बाहेर धूळ, आत धूर.
वर ये. तसाच वर ये.
शिडीला अकरा पायऱ्या.

मी टेम्पोत हात घालून किल्ली उपटली.
"कितें जालें रे तुका?" ड्रायव्हर ओरडला.
मी उत्तर दिलं नाही, पायऱ्या मोजत होतो.
सातवीवर बूट थांबले.
थांबलेच.
आठवी.

काठावर काळा हातमोजा, मग टोप.
दंडाला धरून नेला वाऱ्याच्या तोंडावर,
पट्टा सोडला तेव्हा माझीच बोटं ऐकेनात.
कपाळावर वळ, डोळे तांबारलेले.
"डोकं जड झालंय," म्हणाला,
आणि जरा वेळाने, "कुठला रंग आला?"

कुठ्ठाळीला दवाखान्यात प्राणवायू लावला,
तिथे तो घोरत झोपला.
मी बाकावर बसून त्याची छाती बघत राहिलो,
वर, खाली,
नळी दुसऱ्या कोणाच्या हातात.

शनिवारी कॉम्प्रेसरचं नाक उचललं,
बारा फूट पाइप, तोंड नदीकडे, वर जाळी.
जमिनीवर रेघ मारली, गाड्यांसाठी.
पिवळा आला होता, लखिंदर.

आज तोच टेम्पो
पुढचं चाक बरोबर रेघेवर ठेवून उभा.
इंजिन बंद होतं,
म्हणून मी चाकाबद्दल काही बोललो नाही.